नालासेचे जंतू आणि वासितीचा नकार

माझी मामेबहीण वासिती उभ्या जन्मात कुणाला नाही म्हणाली नव्हती, आणि याच गुणापायी ती मरायला टेकली होती. आधीच सांगून ठेवतो, आमच्यात आतेभावाने मामेबहिणीची हवी तेवढी टवाळी करावी आणि तिने ती ऐकून घेऊन वर दोन शब्द जास्तीचे ऐकवावेत, असा रिवाज आहे. त्यामुळे मी तिला येडी म्हटलं तर कुणी डोळे वटारू नयेत. येडी तर ती आहेच.

आमच्या नालासे गावात कुणी कुणाकडे काही मागितलं की त्याला केरेकेरे म्हणतात. केरेकेरे झालं की द्यायचं. कशाला हवंय ते विचारायचं नाही, परत कधी देणार हे तर मुळीच नाही. मीठ, रॉकेल, कोयता, होडी, काहीही. तोंड वाकडं करायचं असेल तर ते घरात जाऊन, भिंतीकडे बघून करायचं. माझा निळा सदरा असाच गेला, आणि पुढच्या पावसाळ्यात तोच सदरा मी भलत्याच माणसाच्या अंगावरून मागून आणला. तो बिचारा उघडाच घरी गेला. आम्हाला यात काही वावगं वाटत नाही. शहरात शिकून आलेल्यांना वाटतं, पण तेही सुट्टीला आले की पहिल्यांदा माझी होडीच मागतात.

तरीसुद्धा आम्हा बाकीच्यांना थोडी लबाडी येते. चांगली मासळी मिळाली की मी मागच्या वाटेने घरी येतो. वासितीला तेवढंही जमलं नाही. शाळेत असताना तिने नवे बूट दिले, लग्नात चटया दिल्या, आणि थोरल्या बहिणीने 'मला मूल नाही गं' म्हटल्यावर आपला दुसरा मुलगा दिला. तो तिकडे अळकुड्या खाऊन रेड्यासारखा झालाय आणि रग्बी खेळतो, ते सोडा. पण मूल देऊन आल्यावर ही बाई माझ्या दारात बसून रडली होती. मी म्हटलं, "मग दिलास कशाला?" तर म्हणाली, "तिनं मागितला ना रे इलिएसा."

असल्या बाईला गावाने काय करावं? आरोग्यसेविका केली. आमच्या गावप्रमुखांनी, म्हणजे तुरांगा नेमानींनी, भर सभेत सांगितलं की या कामाला मोठ्या मनाचं माणूस हवं. सरकारने तिला पट्ट्या, तापाच्या साध्या गोळ्या आणि जुलाबावरची मीठ-साखरेची पुडी दिली. पण एवढ्यावर गावाची हौस थोडीच भागणार? कुणी हॉस्पिटलातून आला की त्याच्या पाकिटातला अर्धा वाटा गावाचा, जसा पकडलेल्या माशांत असतो तसाच. रोग्याला दोन दिवसांनी बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या वासितीच्या बिस्किटाच्या डब्यात यायच्या. एकट्यानेच अख्खं पाकीट खाणारा माणूस म्हणजे हावरट, अशी आमची समजूत.

डब्यात त्या गोळ्या रंगांनी लावलेल्या असत. लाल-काळी तापाला, पिवळी पोटाला, पांढरी खोकल्याला, आणि ज्याला नेमकं काय होतंय ते कळत नाही त्याला प्रत्येकातली एक. कुणी आला की वासिती आधी चहा द्यायची, मग गोळी. दोनच द्यायची, कारण सगळ्यांना पुरल्या पाहिजेत. दोन गोळ्यांनी माणूस उठून बसायचा, तिचे हात धरायचा, आणि पंधरवड्यात पुन्हा आडवा व्हायचा. मग आणखी दोन. आमच्याकडे टायफॉइड पाहुण्यासारखा यायचा, घराघरांत राहायचा, आणि कुणी त्याला जा म्हणायचं नाही.

अशात राजधानीहून, म्हणजे सुवाहून, डॉ. गाउंडर आल्या. पाण्यातल्या जंतूंवर त्यांचं संशोधन चाललं होतं आणि त्यासाठी आमचा ओढा निवडला होता. बाई बारीक, आवाज मात्र खणखणीत. गाडी भरून सामान आलं. त्यात हात धुवा असं छापलेले सदरे होते, अंड्याचे सँडविच होते, आणि शुद्ध पाण्याच्या बाटल्यांची खोकीच्या खोकी होती. बाटल्या बैठकीसाठी होत्या. बैठक संपली की आम्ही परत ओढ्यावर.

पण गावात आल्यावर आधी स्वागत. आमचं मानाचं पेय यांगोना, त्याची मुळी कुटली, लाकडी काठवटीत ओढ्याचं पाणी ओतलं, फडक्यातून गाळलं, आणि पहिली करवंटी नेमानींना दिल्यावर दुसरी बाईंपुढे केली. बाई करवंटीकडे बघतायत, आम्ही बाईंकडे. ज्या पाण्यात काय काय असेल हे तपासायला ती बाई रबरी हातमोजे घेऊन आली होती, तेच पाणी तिच्या ओठांशी. नाही म्हणावं तर गावाचा अपमान, आणि मग कसला ओढा नि कसलं संशोधन! बाईंनी आमच्या रिवाजाप्रमाणे टाळी वाजवली आणि गटागटा प्यायल्या. प्रत्येक करवंटीला डोळे घट्ट मिटायच्या. नेमानी कौतुकाने म्हणाले, "बघा, भाविक बाई आहे. पिताना प्रार्थना करते."

दुसऱ्या दिवशी मोजे घालून, उकळून आणलेल्या बाटल्यांत त्यांनी ओढ्याचं पाणी भरून घेतलं. वुनिबाउचंही घेतलं. वुनिबाउ म्हणजे नदीपलीकडचं गाव. ते आमच्याकडून रग्बीत सारखे हरतात आणि पंचावर खापर फोडतात. जाताना बाईंची नजर वासितीच्या डब्यावर पडली. त्यांनी झाकण उघडलं आणि बराच वेळ आतच बघत राहिल्या.

"हे सगळं तुम्ही वाटता?"

"सगळं नाही हो," वासिती लाजून म्हणाली, "पिवळ्या हल्ली कमी पडतात."

"हा डबा मला द्याल?"

मागितला म्हटल्यावर वासितीने दिला. वर डब्याखालचा कापडाचा चौकोनही दिला. बाईंना वाटलं, आपण समजावून सांगितलं म्हणून दिला. आठवडा गेला नाही तोच गावाने तिला दुसरा डबा भरून दिला, पहिल्यापेक्षा मोठा.

महिन्याभराने बाई निकाल घेऊन आल्या. सभागृहात पांढरी चादर टांगली आणि तिच्यावर चित्रं दाखवली. एक गोल ताटली, तिच्यात जंतूंचा दाट थर, आणि मध्ये मध्ये औषधाच्या टिकल्या ठेवलेल्या. बाई म्हणाल्या, "हे वुनिबाउच्या पाण्यातले जंतू. टिकलीभोवती मोकळं कडं दिसतंय? औषधानं तिथले जंतू मेले." मग दुसरी ताटली. "हे तुमचे. कडं दिसतंय का?"

कडं कुठेच नव्हतं. आमचे जंतू टिकलीला भिडून बसले होते, इंचभरही मागे हटले नव्हते.

सभागृहात सगळे पुढे वाकून ताटलीकडे बघायला लागले. मग मागून कुणीतरी शिट्टी वाजवली आणि एकच गलका झाला. पोरं एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागली. "वुनिबाउचे मेले! एका टिकलीत मेले!" नेमानी उठून उभे राहिले. त्यांचा आवाज भरून आला होता. "नालासेचं पाणी पिऊन वाढलेला जीव असा सहजासहजी माघार घेत नसतो," ते म्हणाले. "बाई, सुवामध्ये या जंतूला काय नावानं ओळखतात?"

बाई गोंधळल्या. "नाव असं... आम्ही सोयीसाठी गावाचं नाव आणि आकडा लावतो. नालासे-चार."

झालं! टाळ्यांनी छप्पर उडायचं तेवढं बाकी राहिलं. गावाच्या वेशीवर पाटी लावावी का यावर तिथेच चर्चा सुरू झाली. बाईंनी घसा खाकरून खाकरून शेवटी टेबलावर हात आपटला. "अहो, ही अभिमानाची गोष्ट नाही! तुम्ही दोन-दोन गोळ्या घेता, त्यात दुबळे जंतू मरतात आणि दांडगे जगतात. मग दांडग्यांचीच पोरं होतात. तुम्ही इतकी वर्षं त्यांना तालीम देताय!"

"तालीम आम्ही सगळ्यांनाच देतो," नेमानी नम्रपणे म्हणाले.

मी हसून हसून लोळलो. वासिती तेवढी हसली नाही. ती उठली, चादरीजवळ गेली, त्या भरलेल्या ताटलीकडे बघत उभी राहिली. मी चिडवलं, "काय गं, तुझीच लेकरं ना ती?" एरवी तिने मला तिथल्या तिथे झापलं असतं. या वेळी ती एकेका टिकलीवर बोट ठेवत गेली.

त्यानंतर लवकरच ती आजारी पडली. आधी म्हणाली अंग मोडून आलंय. मग ताप चढला आणि उतरेचना. डब्यातली लाल-काळी झाली, पिवळी झाली, पांढरी झाली. डोळे खोल गेले, बडबडायला लागली, मला माझ्या मेलेल्या बापाच्या नावाने हाका मारायला लागली. तिची मुलगी मेरेसी खालच्या गावात शाळेत शिकवते, ती धावत आली आणि मला म्हणाली, "मामा, होडी काढ." आमच्या होडीने आणि मग ट्रकने तिला शहरातल्या हॉस्पिटलात नेलं. तिथलं नेहमीचं औषध लागू पडेना. तिचं रक्त गाउंडरबाईंकडे तपासायला गेलं. निकाल आला, नालासे-चार. त्याच्यावर एकच औषध चालत होतं. ते लागू पडलं.

घरी सोडताना सिस्टरने कॅप्सूलचं जाड पाकीट मेरेसीच्या हातात दिलं आणि बोट नाचवत सांगितलं, "पाकीट रिकामं होईपर्यंत घ्यायचं. बरं वाटलं तरी घ्यायचं. नाचावंसं वाटलं तरी घ्यायचं. मध्येच सोडलं आणि ताप उलटला, तर यापुढे माझ्याकडे औषध नाही, मग पाद्रीबाबांनाच बोलवा. आणि यातली एकसुद्धा कुणाला द्यायची नाही!"

वासिती हो म्हणाली. तिचं हो काय, ती सगळ्यालाच म्हणते.

आजाऱ्याला भेटायला जायचं म्हणजे रिकाम्या हाताने जायचं नाही. लोक कोंबडी घेऊन आले, अळकुड्या, कसावा, नव्या चटया घेऊन आले, रडले, तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं. आणि उठता उठता प्रत्येकाने हळूच एक कॅप्सूल मागितली. सुवाचं औषध, नालासे-चारला लोळवणारं! असलं औषध गावात येतं आणि एकाच घरात राहतं म्हणजे काय? एकीच्या नवऱ्याची पाठ दुखत होती. एकीला काहीच झालं नव्हतं, पण पुढेमागे होईल म्हणून हवी होती. एका गड्याने डुकरासाठी मागितली. वासितीचा हात उशीखाली जायचा आणि मेरेसी तो मनगटाला धरून बाहेर काढायची.

"आई, तू मरशील."

"अगं, एकच मागतायत."

"प्रत्येक जण एकच मागतोय!"

मी दारात आडवा बसलो. मला ओलांडून जाणं बरं दिसत नाही, म्हणून लोक खिडकीतून बोलायला लागले. मेरेसी रडकुंडीला आली. "मामा, तिला नाही म्हणता येणार नाही. तिच्या जागी नाही म्हणणारं कुणीतरी हवं, आणि त्याचं सगळ्यांनी ऐकलं पाहिजे."

असा एकच जण होता. मोठा माणूस गेला की नेमानी नदीच्या एखाद्या डोहावर ताम्बू घालतात, म्हणजे बंदी. काठावर डहाळी बांधलेला बांबू रोवला की तिथे कुणी गळ टाकत नाही, उपाशी मेला तरी. मी यांगोनाच्या मुळ्यांची मोळी घेऊन त्यांच्यापुढे बसलो आणि पाकिटावर ताम्बू मागितला.

अशी बंदी कुणी ऐकली नव्हती. बुजुर्गांची बैठक दुपारभर चालली. डोहावर बंदी असते, नारळीच्या बनावर असते, बाईच्या गोळ्यांवर कशी घालायची? एक म्हणाला, गोळी पाकिटात असेपर्यंत बंदी ठीक, पण पोटात गेल्यावर ती बंदी पोटावर लागू होते का? मग तिला कुणी मिठी मारायची की नाही? दुसऱ्याचं म्हणणं, बंदी उठली की मासे सगळे मिळून मारतो, तर इथेही उठल्यावर जे उरेल त्याचं वाटप व्हावं. हे सगळ्यांना पटलं. उरणार काहीच नाही हे मला माहीत होतं, पण मी तोंड उघडलं नाही. नेमानींनी बंदी जाहीर केली, वासितीच्या दाराशी डहाळीचा बांबू रोवला, आणि मागण्या एकदम थांबल्या. लोक नुसते खिडकीतून पाकिटाकडे बघून जायचे, पिकत आलेल्या फणसाकडे बघावं तसे.

वासिती उठून बसायला लागली. मग चुलीशी जायला लागली. मग म्हणायला लागली, "मला तर आता काहीच होत नाही रे. अर्धं पाकीट अजून तसंच आहे. वाया नाही का जायचं?"

"गीळ मुकाट्यानं," मी म्हटलं. "तुझ्या पोटात जो शेवटचा बसलाय ना, तो सगळ्यांत दांडगा आहे. नालासेचा आहे तो."

एवढ्यात पाऊस लागला. वरच्या डोंगराची कड घसरली आणि रस्ता बंद पडला. आणि त्याच आठवड्यात नेमानींना ताप आला.

आधी पाला उकळून दिला. मग डब्यातल्या लाल-काळ्या दिल्या. माणूस म्हातारा, ताप उतरेना. ज्याने बंदी घातली त्याला ती उठवायचाही अधिकार असतो. अंथरुणात पडल्या पडल्या त्यांनी बांबू उपटायला सांगितला. उपटणाऱ्याच्या मागोमाग त्यांचा थोरला मुलगा वासितीच्या घरात आला. त्याच्या हातात दोरीने ओवलेला देवमाशाचा दात होता.

मी होतो तिथेच ताठ झालो. दात पुढे करून जे मागतात त्याला नाही नसतं. लग्नाची मुलगी दाताने मागतात, झालेल्या खुनाची माफी दाताने मागतात. हातात घेतला की मागितलेलं दिलं असं झालं. परत करणं म्हणजे... मी माझ्या आयुष्यात कुणी परत केलेला पाहिला नव्हता.

मुलगा मांडी घालून बसला. "आत्या, घर तुझं मोठं, मन तुझं मोठं. बाबांसाठी हा दात घेऊन आलोय. पाकिटातलं जे उरलंय ते दे. सगळं नको. निम्मं दे." आणि त्याने दात दोन्ही हातांनी पुढे केला.

मेरेसी भिंतीला टेकून उभी होती. अशा वेळी बाहेरच्याने बोलायचं नसतं. वासितीने दाताकडे पाहिलं. तिचे हात आपसूक वर आले. ज्या बाईने पोटचं पोर नुसत्या शब्दावर दिलं, ती दातापुढे काय टिकणार! मी मनात म्हटलं, संपलं. ही गेली आणि तो म्हाताराही गेला.

हात अर्ध्यावर थांबले. तिने ते मांडीवर घेतले आणि एकमेकांत घट्ट अडकवले, पोरं थंडीत धरतात तसे.

"नाही," ती म्हणाली.

तो आवाज तिचा वाटलाच नाही. मुलाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तो दात धरूनच राहिला.

"नाही देत," ती म्हणाली, आणि रडायलाच लागली. "निम्मं मी खाल्लं, निम्मं त्यांनी खाल्लं, तर आम्ही दोघंही मरू आणि तो जंतू तेवढा जगेल. मी आजवर हेच केलंय. दोन तुला, दोन तुला... त्यांना होडीत घाल. खाली ने. आत्ता ने! इलिएसा, बसलास काय असा? ऊठ!"

मुलाचा चेहरा राखेसारखा झाला. त्याने दात छातीशी धरला आणि निघून गेला. आणि सांगायला लाज कसली, मला त्या घटकेला त्या येडीचा एवढा अभिमान वाटला की डोळे पुसावे लागले.

नदी फुगलेली होती. होडी माझी, त्यामुळे शिव्याही मलाच. नेमानींना चटईत गुंडाळून आणलं. त्यांना शुद्ध होती. वाटभर तो परत आलेला दात पोटावर धरून आभाळाकडे बघत राहिले. खालच्या धक्क्यावर ट्रक मिळाला. हॉस्पिटलात सिस्टरने त्यांचं पोट चाचपलं आणि माझ्यावरच खेकसली. "आणखी दोन दिवस घरी ठेवलं असतं तर आतडं फाटलं असतं! कुणी आणखी चार गोळ्या देऊन घरीच झोपवून ठेवलं नाही हे नशीब समजा."

म्हातारा वाचला. वासितीचं पाकीटही रिकामं झालं. नालासेच्या इतिहासात अख्खं पाकीट एकट्याने खाणारी ती पहिलीच. गाउंडरबाईंनी तिचा फोटो मोठ्या कागदावर छापला, खाली लिहिलं होतं की ही आदर्श रुग्ण. गावाने तो कागद शाळेच्या स्वयंपाकघरात गळतीच्या जागी लावला, छापलेली बाजू भिंतीकडे करून.

तिला कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लोक भेटले की हसायचे, कशी आहेस विचारायचे, आणि पुढे जायचे. फक्त तिच्याकडे कुणी काही मागेना. शेजारीण मिठासाठी तिचं दार ओलांडून तीन घरं पलीकडे जायला लागली. गोळ्यांचा डबा कुणीतरी गुपचूप परत नेला. चर्चमध्ये गाणं म्हणताना तिच्या डाव्या-उजव्या हाताला जागा रिकामी. तुम्हा लोकांना वाटेल, बरंय की, कटकट गेली. पण आमच्याकडे ज्याच्याजवळ कुणी काही मागत नाही तो माणूस गावात नसल्यासारखाच. ती दार सताड उघडं ठेवून बसायची. साखर भरून ठेवायची. आणि साखर तशीच. औषधाने जेवढी सुधारली होती तेवढी या न मागण्याने वाळत चालली. मी मुद्दाम गेलो, म्हटलं, "कोयता दे." तर म्हणाली, "तुझ्या कमरेला आहे तो काय आहे? माझी दया करतोस होय रे, मेल्या?"

नेमानी हॉस्पिटलातून आले ते स्वतःचं पाकीट घेऊन. आल्या आल्या लोकांचे डोळे पाकिटावर. तर या माणसाने काय करावं! जेवण झालं की गावच्या मैदानात चटई टाकून बसायचे, कॅप्सूल सगळ्यांना दिसेल अशी वर धरायचे आणि गिळायचे. मोठ्या माणसाने करवंटी रिकामी केल्यावर टाळ्या वाजवतात, तशा सवयीने लोकांनी वाजवल्या. मग तो रोजचा सोहळाच झाला. पाकीट संपेपर्यंत एकानेही मागितली नाही, कारण टाळ्या वाजवून झाल्यावर मागणार कसं?

शेवटची कॅप्सूल गिळली त्या दिवशी ते काठी टेकत उठले आणि सरळ वासितीच्या घराकडे चालायला लागले. टाळ्या अर्ध्यावर राहिल्या. आम्ही सगळे मागे, पण अंतर ठेवून. वासिती दारात उभी राहिली, मग घाबरून खाली बसली. म्हातारा तिच्या उंबऱ्यापाशी टेकला, ज्या जागी त्याचा मुलगा दात घेऊन आला होता तिथून जेमतेम दोन हातांवर. कितीतरी वेळ धापच टाकत होता.

"वासिती," तो म्हणाला, "मीठ आहे का गं घरात?"

त्यांच्या घरात मिठाचं अख्खं पोतं आहे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

ती उठली. आत गेली. भांडी पडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात मिठाची बरणी होती, आणि ती तिने दोन्ही हातांनी म्हाताऱ्यापुढे धरली.

"एवढंसं?" नेमानी बरणी हलवून म्हणाले. "आणि साखर कुठाय?"

मग काय विचारता! मागची गर्दी फुटलीच. शेजारणीला साखर हवी, तिच्या जावेला रॉकेल हवं, कुणाला चटई, कुणाला तवा, कुणाला हात धुवा लिहिलेला सदरा. उन्हं उतरायच्या आत घर धुऊन नेल्यासारखं झालं. मेरेसी कपाळाला हात लावून पायरीवर बसली होती, तिच्या पायातल्या चपलाही कुणीतरी मागून नेल्या.

संध्याकाळी वासिती माझ्या दारात आली. केस विस्कटलेले, झग्याला काजळी, अनवाणी.

"इलिएसा, चहापत्ती दे. घरात चिमूटभर ठेवली नाही रे कुणी."

"नाही म्हणायला शिकलीस ना आता? मग म्हणायचं होतंस त्यांना."

"लुटलं रे मला," ती म्हणाली. "सगळं नेलं. काही काही ठेवलं नाही." आणि उंबऱ्यावर बसून ती इतकी हसली, इतकी हसली, की तिला धरायला मला खाली बसावं लागलं.